नावाडी संतांच्या हातातलं फावडं

ता. ९ जानेवारी

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून वाकणं फक्त कागदावरच जमतं, तेवढं गोड मानून घे. इकडे सगळं ठीक. सूनबाईचा खोकला गेला. मुलाचा खांदा अजून कुरकुरतो. मी नेहमीसारखाच, म्हणजे सकाळभर चष्मा शोधतो आणि दुपारी तो कपाळावर सापडतो.

मोठी बातमी अशी की वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी तुझा धाकटा भाऊ लेखक झाला. हसू नकोस. येत्या उन्हाळ्यात आपल्या चर्चला दोनशे वर्षं होतात. नव्या फादरांच्या मनात आलं की एक छोटं पुस्तक काढावं, त्यात चर्चचा इतिहास आणि आपल्या आश्रयदात्या संतांचं चरित्र असावं. गावात लिहिणारं कोण, अशी त्यांनी चौकशी केली, तर झाडून सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. लग्न असो, वाढदिवस असो, कुणी न विचारता कविता म्हणणारा मीच ना.

पहिलं प्रकरण मी ओवीसारख्या चालीत सुरू केलं होतं. ‘नदी गेली दूर, मागे राहिली कडी, बांधुनी ठेवते आठवांची होडी.’ फादरांनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, काका, आधी इतिहास लिहा, मग उरलेल्या जागेत होडी बांधू. मुलगा चांगला आहे, पण शाळेत कवितेचे मास्तर त्याला नीट भेटलेले दिसत नाहीत. आपले मास्तर आठवतात का तुला? टेबलावर पट्टी आपटत ताल धरायचे आणि शेवटच्या कडव्याला त्यांचेच डोळे भरून यायचे.

तर कामाला लागलो. वेदीमागच्या खोलीत बाबांनी केलेलं कपाट अजून आहे. त्याची दारं बोटाने ढकलली तरी उघडतात. त्यात जुन्या फादरांच्या वह्या सापडल्या, शाई तपकिरी झालेली, पानांना वाळलेल्या पानांचा वास. महिनाभर वाचतोय. काय काय निघालं म्हणून सांगू.

आपल्या चर्चचा मोठा दरवाजा रस्त्याकडे पाठ करून का आहे, हे आपण लहानपणी विचारायचो. आजी सांगायची, देव रुसला होता म्हणून. खरं कारण असं की दोनशे वर्षांपूर्वी रस्ताच नव्हता, आणि दाराच्या बाजूला नदी होती. माणसं नावेतून प्रार्थनेला यायची आणि थेट दारात उतरायची. भिंतीतली ती गंजकी लोखंडी कडी, जिला आता पोस्टमन सायकल साखळीने बांधतो, ती नाव बांधायची कडी. छत बांधलं नावा बांधणाऱ्या सुतारांनी. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, म्हणून त्यांनी एक मोठी नाव बांधली आणि भिंतींवर पालथी घातली. पुढे नदीने कूस बदलली आणि अर्धा कोस पलीकडे जाऊन निजली. नावा गेल्या, नावाडी गेले. तू आणि मी जन्मलो तेव्हा गावात नाव पाहिलेलं माणूस औषधालाही नव्हतं.

आता मुख्य गोष्ट, जरा बसून वाच. आपले संत पाववाल्यांचे नाहीतच. ते नावाडी होते. लहानपणी ‘वल्हं’ हा शब्द आपण नुसता ऐकला होता, ते त्यांच्या हाती का हे आता कळलं.

वहीत स्वच्छ लिहिलंय. गावात साथ आली तेव्हा आजाऱ्यांना पलीकडच्या दवाखान्यात न्यायला कुणी तयार होईना. हा एकटा नावाडी त्यांना नेत राहिला. लोकांनी विचारलं, तुला भीती नाही वाटत? तो म्हणाला, नाव बुडायची वाटते, माणसांची नाही. शेवटी साथीतच गेला. मूर्तीच्या उजव्या हातात वल्हं होतं, आणि एका फादरांनी तर लिहून ठेवलंय की ‘आज वल्ह्यास तेल दिले.’

आणि आपण इतकी वर्षं काय पाहतोय? भट्टीतून पाव बाहेर काढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं. संतांच्या दिवशी गावातले सगळे बेकरीवाले पहिला घाणा त्यांच्या पायाशी ठेवतात, ते फावड्यामुळेच. वल्ह्याचं फावडं कसं झालं, तो किस्सा तुला ठाऊकच आहे, मी लांबवत नाही. वेदीशेजारी माझ्या नावाचा बोर्डही आहेच.

मूर्ती स्वच्छ करायला शहरातून एक बाई आल्या आहेत. जुन्या लाकडी मूर्ती दुरुस्त करणं हाच त्यांचा धंदा. बोलक्या आहेत, शिट्टी वाजवत काम करतात. त्यांनी संतांना खाली उतरवलं, हातातलं काढून पुसलं, परत बसवलं. त्यात विशेष असं काही नाही.

त्या उन्हाळ्यातलं तुला काही आठवत असेल तर कळव. नसेल आठवत तर राहू दे, फार वर्षं झाली.

तुझा
लेखक भाऊ


ता. २२ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. नेहमीप्रमाणे तीन ओळी. ‘पत्र पोचलं. तब्येत बरी. मुठीतून काय निघालं ते का लिहिलं नाहीस?’

तिसरी ओळ वाचून मी उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो. सूनबाईने विचारलं, कुणाची वाईट बातमी आहे का. मी म्हटलं, माझीच आहे, पण जुनी आहे.

आज सगळं लिहितो. तुला ठाऊक आहे तेही लिहितो, कारण मी ते आजवर एकदाही लिहिलेलं किंवा बोललेलं नाही.

मी अकरा वर्षांचा होतो, तू चौदाची. संतांच्या दिवसाला चार दिवस होते. बाबा दुसऱ्या गावी एका घराच्या खिडक्या बसवायला गेले होते. मूर्तीवरची धूळ झटकायचं काम म्हाताऱ्या फादरांनी आपल्याला दिलं. तू शिडी धरलीस, मी वर चढलो. आणि वर चढल्यावर खालच्या रिकाम्या बाकांकडे बघून माझ्या अंगात कविता आली. होडीचीच होती, त्याच आठवड्यात पाठ केलेली. शेवटच्या कडव्याला मी मास्तरांसारखा हात उंचावला, तोल गेला आणि जे हाताला लागलं ते धरलं. लाकूड आतून किडलेलं होतं. मी वाचलो. वल्ह्याचा मात्र माझ्या मुठीत भुगा झाला.

तू ओरडली नाहीस. भुगा घागऱ्याच्या ओच्यात गोळा केलास आणि मला विचारलंस, नीट आठवून सांग, कसं दिसायचं ते? मला काय आठवणार? वर काजळीत काहीतरी काळं, लांबुडकं होतं एवढंच. तेव्हा तू म्हणालीस, फादर त्याला वल्हं म्हणतात, आणि तुला ती होडीची कविता येते ना, मग त्यात वल्हं कसं असतं? मी छाती काढून सांगितलं, लांब दांडा आणि टोकाला रुंद पान. वल्हं आयुष्यात न पाहिलेला एक मुलगा वल्हं न पाहिलेल्या मुलीला कवितेतून वल्हं शिकवत होता.

तू बाहेर आलीस, चौकात उभी राहून इकडेतिकडे पाहिलंस. समोरच्या बेकरीत भट्टीतून पाव निघत होते. लांब दांडा, टोकाला रुंद पान. तुझे डोळे चमकले ते मला अजून दिसतात.

बाबांनी चौकटीसाठी जपून ठेवलेल्या सागातून तू तुकडा काढलास. तीन दुपारी तू बाबांच्या बाकावर होतीस. रंधा, पटाशी, कानस. मला वाटायचं पटाशी लाकडात घुसवायची असते. तुझ्या हातात ती लाकडाला विचारत विचारत पुढे जायची. दुसऱ्या दिवशी तुझं बोट कापलं, तू चिंधी बांधलीस आणि थांबली नाहीस. मला तू शेवटी पॉलिशपेपर दिलास आणि म्हणालीस, घास, आणि कविता म्हणू नकोस. मी घासलं. माझं काम एवढंच.

संतांच्या दिवशी सकाळी म्हाताऱ्या फादरांनी ते हातात घेतलं, उन्हात धरून पाहिलं. बाबा आदल्या संध्याकाळी परत आले होते, ते मागे उभे होते. फादरांनी विचारलं, हे कुणी केलं? तू माझ्या शेजारी होतीस, चिंधीचं बोट घागऱ्याच्या घड्यांत लपवून. मी म्हणालो, “मी.”

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की बाबांच्या हत्यारांना हात लावला म्हणून तुला मार बसेल या भीतीने मी तसं बोललो. सांगून सांगून मला ते जवळजवळ पटलं होतं. पण ते खरं नाही. खरं असं की फादर ज्या नजरेने त्या लाकडाकडे बघत होते, तसं माझ्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं. कविता म्हणतानासुद्धा नाही. मला ती नजर हवी होती.

घरी जाताना वाटलं, आता तू बोलशील. तू एवढंच म्हणालीस, “पान जरा जाड राहिलं.”

दुसऱ्या दिवशी बाबांनी पटाशी माझ्या हातात दिली आणि बाकाशी माझी जागा केली. तुला शिंप्याकडे मशीन शिकायला पाठवलं. पुढचं तुला माहीत आहे. चाळीस वर्षं मी सुतारकी केली. गावात माझी दारं अजून ओळखू येतात, खांदा लावल्याशिवाय एकही उघडत नाही. लोक फावडं घडवणारा म्हणून माझं नाव आणि ‘वय ११’ लिहिलेला बोर्ड वाचायचे, मग माझं दार ढकलायचे आणि बुचकळ्यात पडायचे. एकदा बेकरीवाला म्हणाला, अकराव्या वर्षीच तुझी सगळी कला सांडून गेली वाटतं. सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

तू मूर्तीसमोर कधी आली नाहीस. आधी लहान मुलं, मग मशीनचं काम, मग पाय. दरवर्षी मी बोलावलं, दरवर्षी तू कारण दिलंस आणि दरवर्षी मला हायसं वाटलं. हेही आज लिहून टाकतो.

आता मुठीतलं. त्या बाईंनी दांडा संतांच्या मुठीतून ओढून काढला. आत जो भाग कायम झाकलेला असतो, तिथे तीन रेघा निघाल्या, चिमणीच्या पावलासारख्या. तुझ्या पाटीवर, माळ्याच्या जिन्यावर, माझ्या भोवऱ्यावर तू काढायचीस, त्याच. खाली बारीक अक्षरात कोरलेलं, ‘वय १४.’ बाईंनी भिंग लावून वाचलं, मग बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काका, बोर्डावर अकरा आहे, इथं चौदा. दोघांत खरं कोण?”

आणि ताई, त्र्याहत्तर वर्षांचा हा म्हातारा म्हणाला, “लाकडाचं वय असेल.”

त्या खूप हसल्या. म्हणाल्या, सागाला स्वतःचं वय कोरता येतं हे मला आज कळलं. मग शिट्टी वाजवत कामाला लागल्या, पुन्हा विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्या शिट्टीने मला चार रात्री झोप नाही.

आता व्यवहाराचं. पुस्तक फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी छापखान्यात जातंय. त्याआधीच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर मी उभा राहून हे सगळं सांगणार आहे. तू हो म्हण, नको म्हण, सांगणार आहे, कारण ते माझं खोटं आहे आणि ते मलाच मोडलं पाहिजे. तुझ्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, तुझं नाव पुस्तकात घालू का? माहेरचं, पूर्ण, जसं तू वहीवर लिहायचीस तसं. आणि दोन, संत नावाडी होते हे कळल्यापासून काहीजणांचं म्हणणं आहे की फावडं काढून खरं वल्हं बसवावं. बेकरीवाले चवताळलेत. फादर मध्ये अडकलेत. ते लाकूड तुझं आहे. राहावं की जावं, तू सांगशील ते होईल.

माफ कर असं लिहायला घेतलं होतं, पण शब्द फार लहान वाटला. मास्तरांच्या सगळ्या कविता चाळून झाल्या मनातल्या मनात, त्यातही मोठा शब्द सापडला नाही.

रागव, पण कार्ड टाक.

तुझा
बोर्डावरचा भाऊ


ता. ३ फेब्रुवारी

ताई,

आज नमस्कारही घाईत घे. तुझं कार्ड शनिवारी आलं. चार ओळी. पोस्टमनलाही नवल वाटलं, म्हणाला, यंदा ताईंनी एक ओळ जास्त लिहिली. मी त्याला रागावलो नाही, उलट चहा पाजला.

रविवारचं सांगतो. मी उभा राहिलो तेव्हा लोकांना वाटलं कविता येणार. पुढच्या बाकावरच्या म्हातारीने पिशवी उचलून घरी जायची तयारीही केली. मी कागद नेला होता, पण चष्मा सापडेना, म्हणून तसंच सांगितलं. किडलेलं लाकूड, तीन दुपारी, चिंधीचं बोट, “मी.” सगळं. मध्ये एकदा आवाज गेला, तेव्हा फादरांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि शेजारी उभे राहिले.

संपल्यावर छतातली चिमणी तेवढी ऐकू आली. मला वाटलं, आता कुणीतरी उठून थुंकेल. उठला तो बेकरीवाला. गडी डोकं खाजवत म्हणाला, “म्हणजे ते फावडं आमच्याच बेकरीत बघून केलंय ना? मग ते आमचंच.” पालथी नाव डुलावी इतके लोक हसले. पिशवीवाली म्हातारी मात्र जाता जाता माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, बासष्ट वर्षं पोरीला शिवणात घालवलंस रे. तिचं बरोबर होतं. मी मान खाली घातली.

मग मी तुझी दुसरी ओळ सगळ्यांना वाचून दाखवली. ‘संतांनी साथीत कुणाला नावेतून उतरवलं नाही, तुम्ही बेकरीवाल्यांना का उतरवता?’ वाद तिथेच मिटला. फावडं राहणार आहे. पुस्तकात सगळं जसं घडलं तसं छापतोय, वल्हं, कविता, बेकरी, आणि तुझं नाव, कारण तुझ्या पहिल्या ओळीत ते होतं, माहेरचं, पूर्ण. शहरातल्या बाईंनी तुला मुद्दाम निरोप दिलाय. म्हणाल्या, त्यांना सांगा, मुठीतला जोड इतक्या वर्षांत केसभर हललेला नाही, आणि असा जोड मारायला शिकण्यात माझी दहा वर्षं गेली. पानाच्या जाडीबद्दल मी विचारलं. त्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, हो, जरा जाड आहे. तुम्ही दोघी भेटाल तेव्हा मी मध्ये बसणार नाही, एवढं मला कळतं.

बोर्ड मी स्वतः उतरवला. स्क्रू मीच बसवलेले, त्यामुळे एक वाकडा होता, अर्धा तास गेला. भिंतीवर मागे फिकट चौकोन उरलाय. फादर म्हणाले, रंगाऱ्याला सांगून नवा करून घेऊ. मी म्हटलं, थांबा, तिसरी ओळ ऐका. ‘नवा बोर्ड रंगवायचा नाही, कोरायचा आहे, मी येतेय.’

तुझ्यासाठी मागची खोली झाडली आहे. सूनबाईने गादी उन्हात घातली. बाबांचं बाक ओसरीत आणलं, एका पायाखाली पाचर लावावी लागली. सागाची फळी बघून ठेवली आहे, गाठ नसलेली, पण निवडायची तूच. पहिल्या ओळीपासून चौथीपर्यंत तुझं अक्षर पाहिलं, हात थरथरत नाही तुझा. माझा थरथरतो. म्हणून तुझी चौथी ओळ, ‘पटाशीला धार लावून ठेव’, ती मी तीन दिवस पाळतोय. सहाणेवर तेल घालून, सावकाश, जशी तू लावायचीस. आज सकाळी नखावर टेकवून पाहिली. घसरली नाही.

ये. कोर. खाली चिमणीचं पाऊल काढ, आणि या वेळी सगळ्यांना दिसेल असं काढ. मी शेजारी बसेन, कविता म्हणणार नाही, आणि तू झालं म्हणालीस की घासायला घेईन.

तुझा,
ज्याने फक्त पॉलिशपेपर मारला होता,
तो भाऊ